नदी कातळ कसा कोरते? पहिलं गणिती मॉडेल बनवणाऱ्यांसाठी, कुकडीच्या निमित्ताने

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी प्रकल्पाला विषय घेतला: कुकडी नदी बेसाल्ट कसा कोरते याचं गणिती मॉडेल. विषय ठरवायला दहा मिनिटं लागली आणि पहिलं धड उत्तर यायला पाच महिने. त्यातले निदान तीन महिने फुकट गेले. कुणी आधी सांगितलं असतं तर एका दुपारी उरकल्या असत्या अशा गोष्टी मी ठेचा खात शिकलो. तुम्ही भूशास्त्राचे, भूगोलाचे किंवा सिव्हिलचे असाल आणि असाच विषय गळ्यात पडला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. बारावीपर्यंतचं गणित आणि एक्सेल येत असेल तर पहिले पाच टप्पे जमतील.

कुकडी का? पारनेर तालुक्यातल्या निघोजजवळ तिच्या पात्रात रांजणखळगे आहेत, मळगंगा देवीच्या कुंडाजवळ. शाळेच्या भूगोलात नदीच्या झीजकार्याच्या धड्यात आपण सगळ्यांनीच त्यांचं नाव पाठ केलेलं असतं. नदी उगम पावते जुन्नरकडच्या घाटमाथ्यावर आणि पुढे घोड नदीला मिळते. वाटेत सगळा दख्खनचा बेसाल्ट, वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

काय काय लागेल

• लॅपटॉप, साधासुधा चालेल. एक्सेल किंवा लिब्रेऑफिस.
• क्यूजीआयएस, हे नकाशांवर काम करायचं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं.
• पायथॉन आणि त्यातली लँडलॅब ही भूरूपांची मॉडेलं बनवायची लायब्ररी. हीसुद्धा फुकट, पण टप्पा ६ आल्यावरच उघडा.
• डीईएम, म्हणजे उंचीचा डिजिटल नकाशा. अवकाशातून रडारने मोजलेला एसआरटीएम किंवा कोपर्निकसचा ३० मीटरचा, किंवा इस्रोच्या भुवनवरचा कार्टोडीईएम.
• सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, पडताळणीसाठी.
• क्षेत्रकामाला टेप, क्लिनोमीटर, जाड सोलचे बूट, आणि जमल्यास श्मिट हॅमर, म्हणजे खडकाची कठीणता मोजायचा हातोडा. हा भूशास्त्र विभागात नसला तर सिव्हिलच्या काँक्रीट लॅबमध्ये हमखास असतो. तिथे त्याला रिबाउंड हॅमर म्हणतात. विभागप्रमुखांचं पत्र न्या, नाहीतर हात हलवत परत याल.

१. आधी प्रश्न ठरवा

‘पाणी दगड कसा झिजवतं’ हा एक प्रश्न नाही, निदान दोन आहेत. पहिला: शंभरेक किलोमीटरची नदी लाखो वर्षांत आपला तळ किती आणि कुठे खाली नेते? दुसरा: दोन-तीन मीटरचा एक रांजण कसा कोरला जातो? पहिल्यात एकेका गोट्याचा हिशेब ठेवता येत नाही. दुसऱ्यात त्या गोट्याशिवाय काहीच नाही.

मी दोन्ही एकाच मॉडेलमध्ये कोंबायला गेलो. ३० मीटरच्या डीईएममध्ये निघोजचा रांजण शोधत बसलो होतो! त्यातला एक चौकोन म्हणजे ३० बाय ३० मीटर. अख्खा खळगा त्याच्या एका कोपऱ्यात मावतो. पहिल्यांदा करत असाल तर नदीचा प्रश्न घ्या. रांजणाकडे टप्पा ७ मध्ये येऊ.

२. समीकरण कागदावर सोडवा

नदीच्या प्रश्नाचं चालू समीकरण असं:

झीज = क × क्षे^म × उ^न

क्षे म्हणजे त्या बिंदूच्या वरचं पाणलोट क्षेत्र, उ म्हणजे तिथला उतार. म आणि न हे घातांक. क म्हणजे कातळ किती मऊ, पाऊस किती, गाळ कसा, असं सगळं एका पोत्यात भरलेलं. याला स्ट्रीम पॉवरचं समीकरण म्हणतात. क्षेत्रफळ कुठून आलं? वरचं क्षेत्र जितकं मोठं तितकं पुराचं पाणी जास्त, म्हणून ते प्रवाहाच्या जागी उभं केलंय. १८७७ साली गिल्बर्टने अमेरिकेतल्या हेन्री पर्वतावरच्या अहवालात उतार, पाणी आणि गाळ यांचं नातं शब्दांत मांडलं होतं. हॉवर्ड आणि कर्बी यांनी १९८३ मध्ये त्याला आजच्यासारखं गणिती रूप दिलं.

सुरुवातीला म = ०.५ आणि न = १ घ्या. आता नदी स्थिरावली आहे असं धरा, म्हणजे जमीन जितकी वर येते (ही ‘उचल’) तितकीच झिजते. मग उतार = उचल ÷ (क × क्षे^०.५). समजा उचल वर्षाला ०.०५ मिलिमीटर आणि क वर्षाला दहा लाखांत १. क्षेत्र १०० चौरस किलोमीटर, म्हणजे १० कोटी चौरस मीटर, असेल तिथे त्याचं वर्गमूळ १०,०००. उतार आला ०.००५, किलोमीटरला ५ मीटर. हे कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघा. पुढे संगणक काहीही बोलला तरी हा आकडा तुमचा साक्षीदार आहे.

‘उचल’ शब्दावरून हिमालयच डोळ्यांपुढे आणायला नको. नदीच्या तोंडाची पातळी खाली गेली तरी समीकरणाला ते तसंच दिसतं.

सापळा: क चं एकक. म = ०.५, न = १ असेल तर एकक ‘दर वर्षी’ असं सरळ येतं. म बदलून ०.४ केलात की एककही बदलतं, आणि जुना क नव्या समीकरणात निरर्थक होतो. वेगवेगळ्या शोधनिबंधांतले क एका तक्त्यात ओळीने मांडणारे मी पाहिलेत. त्यातला एक मीच होतो.

३. डीईएम उतरवा आणि त्यावर विश्वास ठेवू नका

क्यूजीआयएसमध्ये डीईएम उघडला की पहिलं काम प्रक्षेपण बदलण्याचं. उतरवलेल्या फाइलमध्ये आडवी अंतरं अंशांत असतात आणि उंची मीटरमध्ये. तसाच उतार काढलात तर तो लाखपटीने चुकतो, कारण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. कुकडीसाठी यूटीएम (मीटरमधलं प्रक्षेपण) झोन ४३ उत्तर. नागपूर-चंद्रपूरकडची नदी घेतली असेल तर झोन ४४.

मग खड्डे बुजवा. डीईएममध्ये असंख्य खोटे खड्डे असतात, पाणी त्यांत अडकतं आणि नदी मध्येच गायब होते. क्यूजीआयएसमधून चालणाऱ्या ग्रास या सॉफ्टवेअरचं आर-डॉट-वॉटरशेड हे साधन अशा खड्ड्यांतून स्वतःच वाट काढतं आणि पाणलोट क्षेत्रही मोजून देतं. निघालेली नदी टोपोशीटवरच्या निळ्या रेषेवर बसते का ते बघा. पुलाच्या भरावाने किंवा कालव्याने ती भलतीकडे वळलेली असू शकते.

आता माझी फजिती. नदीचा लांबछेद काढला, म्हणजे उगमापासूनचं अंतर आडवं आणि उंची उभी. त्यात मधेच एक लांब सपाट पट्टा आणि त्यानंतर एकदम कडा. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. असा अचानक उतार म्हणजे निकपॉइंट, नदी तिथे नव्याने कातळ खात मागे सरकते आहे! मी तीन पानं लिहून माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे गेलो. त्यांनी आलेख पाहिला, नकाशा पाहिला आणि शांतपणे विचारलं, “या धबधब्याला गेट किती आहेत?”

ते येडगाव धरण होतं. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० ची, तेव्हा जलाशयात पाणी होतं. रडारला दिसली ती पाण्याची पाटी, आणि पुढे भिंत. कुकडीवर वर माणिकडोहही आहे, तिथेही तेच. धरणाखालचा जुना तळ डीईएममध्ये नसतोच. तो भाग एकतर गाळा, नाहीतर धरणाआधीच्या टोपोशीटवरच्या समोच्च रेषांवरून भरून काढा. महाराष्ट्रात धरण नसलेली मोठी नदी शोधणं कठीण, तेव्हा हा सापळा तुमच्याही वाट्याला येणार.

४. ‘काय’ आलेख

उताराचे आलेख फार थरथरतात. उंचीतली दोन-तीन मीटरची चूकही उताराला उलटा करते, नदी चढण चढताना दिसते. त्यावर उपाय म्हणून आडव्या अक्षावर अंतराऐवजी एक वेगळी राशी घेतात. खालून वर येताना प्रत्येक तुकड्याचं अंतर भागिले क्षे^(म/न), आणि त्याची बेरीज करत जायची. पेरॉन आणि रॉयडन यांनी २०१३ मध्ये ही पद्धत मांडली. स्थिरावलेल्या नदीचा छेद या अक्षावर सरळ रेषा होतो. रेषा जिथे मोडते तिथे कातळ बदलतो, उचल बदलते किंवा निकपॉइंट असतो.

या राशीला ग्रीक अक्षराचं नाव आहे, उच्चार ‘काय’. त्यामुळे आमच्या विभागात आठवडाभर “हे काय?” “हो, काय.” असे संवाद चालू होते. सादरीकरणात मराठीत बोलणार असाल तर आधीच खुलासा करा.

५. एक्सेलमध्ये काळ पुढे ढकला

हा टप्पा टाळून थेट पायथॉनकडे पळू नका. पेशी-पेशीत काय चाललंय ते इथेच दिसतं.

१०० ओळी घ्या, प्रत्येक ओळ म्हणजे नदीवरचा एक किलोमीटर. पहिला बिंदू १ किलोमीटरवर ठेवा, शून्यावर नको. शून्यावर पाणलोट क्षेत्रही शून्य, मग झीज होतच नाही. क्षेत्रफळासाठी खऱ्या नदीचे आकडे येईपर्यंत हॅकचा नियम वापरा: क्षे = ६.६९ × अंतर^१.६७, अंतर मीटरमध्ये आणि क्षे चौरस मीटरमध्ये. १०० किलोमीटरवर क्षेत्र सुमारे १,५०० चौरस किलोमीटर येईल. सुरुवातीची उंची काहीही चालेल, मी किलोमीटरला १ मीटर असा सरळ उतार दिला होता.

मग प्रत्येक स्तंभ म्हणजे काळाचं एक पाऊल (उचल आणि क टप्पा २ मधलेच):

नवी उंची = जुनी उंची + पाऊल × (उचल − क × क्षे^०.५ × उतार)

उतार मोजताना स्वतःची उंची वजा खालच्या शेजाऱ्याची, भागिले १,००० मीटर. वरच्या शेजाऱ्याला विचारायचं नाही, कारण नदीत बातमी खालून वर जाते. शेवटच्या बिंदूची उंची कायम ठेवा. सूत्र ओढत हजारेक स्तंभ भरा.

पाऊल केवढं? इथेच बहुतेकांचा पत्ता कटतो. झिजेची लाट वर सरकते तिचा वेग क × क्षे^०.५. तोंडाशी तो वर्षाला सुमारे ०.०३९ मीटर येतो. एका पावलात लाटेने एक घर ओलांडता कामा नये, म्हणजे पाऊल १,००० ÷ ०.०३९, अर्थात सुमारे २५,००० वर्षांच्या आतच राहिलं पाहिजे. १०,००० वर्षं घेतलीत तर सगळं सुरळीत. ५०,००० घ्या आणि गंमत बघा: काही स्तंभांतच तोंडाकडचा छेद करवतीच्या दात्यांसारखा होतो आणि मग उंची आकाशाला भिडते. एकदा मुद्दाम करून बघाच, म्हणजे पुढे असा आलेख दिसला की निसर्गाला दोष देणार नाही. बिंदू १०० मीटरवर घेतलेत तर मर्यादाही दहापटीने खाली येते.

शेवटच्या स्तंभात तोंडाशी उतार किलोमीटरला १.३ मीटरच्या जवळ आला का? कागदावरचं उत्तर तेच आहे. आला नसेल तर सूत्रात चूक आहे, नाहीतर पुरेसा काळ गेलेला नाही. या आकड्यांनी लाटेला तोंडापासून पहिल्या बिंदूपर्यंत पोचायला सुमारे ८३ लाख वर्षं लागतात, म्हणजे १०,००० वर्षांची ८३० पावलं.

आता क दहापटीने कमी करून बघा. काळ होतो ८.३ कोटी वर्षं. बेसाल्टच मुळी ६.६ कोटी वर्षांचा! म्हणजे क इतका लहान असेल तर ही काल्पनिक नदी अजून स्थिरावलेलीच नसणार, आणि टप्पा २ मधलं स्थिर नदीचं सूत्र तिला लावता येणार नाही. माझ्या अख्ख्या प्रकल्पात मला सगळ्यात आवडलेला हिशेब हाच, आणि त्याला एक ओळही कोड लागलं नाही.

६. मग लँडलॅब

एक्सेलमध्ये एकच नदी असते. उपनद्या आणि डोंगरउतारांसह सगळा प्रदेश हवा असेल तर लँडलॅब. त्यात चौकोनांची जाळी, प्रवाहाची बेरीज करणारा घटक आणि झीज करणारा घटक असे तुकडे जोडायचे असतात. फास्टस्केप नावाचा झीज-घटक ब्राउन आणि विलेट यांच्या २०१३ च्या पद्धतीवर चालतो. त्यात पाऊल मोठं घेतलं तरी मॉडेल फुटत नाही. फुटत नाही याचा अर्थ बरोबर असतं असा नाही. न = १ असताना निकपॉइंट आपला आकार राखून वर जायला हवा, पण आकडेमोडीच्या पद्धतीमुळेच तो वितळत जातो. पाऊल आणि जाळी दोन्ही निम्मी करून पुन्हा चालवा. उत्तर बदललं तर ते उत्तर नदीचं नव्हतं.

७. गोट्यांचा हिशेब

आता रांजणाकडे. आधी एक हिशेब. पूर ३ मीटर खोल, उतार किलोमीटरला २ मीटर असं समजा. पाण्याचा तळावरचा ओढ = घनता × गुरुत्व × खोली × उतार, म्हणजे सुमारे ५९ पास्कल. अखंड बेसाल्टची ताणशक्ती १ कोटी पास्कलच्या घरात. लाखाहून जास्त पटीचा फरक. नुसत्या स्वच्छ पाण्याने तो फुटायचा नाही. पण तेच ५९ पास्कल सुमारे ७ सेंटिमीटरचा, मुठीएवढा गोटा हलवायला पुरतात. गोटा कधी हलतो ते सांगणाऱ्या शील्ड्सच्या निकषात ०.०४५ घालून हा हिशेब तुम्हीही करा. पाणी नुसतं हात आहे, वरवंटा म्हणजे गोटा.

एप्रिलमध्ये निघोजला एका कोरड्या, कमरेएवढ्या रांजणात उतरलो. वर बोटभर वाळलेला गाळ आणि एक प्लास्टिकची बाटली, खाली वाळू, वाळूत कोपरापर्यंत हात घातल्यावर गोटे. बाहेर काढले तर सगळे अंड्यासारखे गुळगुळीत. एकाच्या अंगावर झिओलाइट या खनिजाचे पांढरे ठिपके, पण तेही अंगाशी सपाट घासलेले. भिंतीवरून हात फिरवला तर तोंडापेक्षा पोट मोठं, गोटे जिथे फिरतात तिथेच घासलेलं. रांजण हे नाव ज्याने ठेवलं त्याने नीट पाहिलं होतं.

स्क्लार आणि डीट्रिक यांनी २००१ मध्ये प्रयोगशाळेत पाणी आणि गोटे घालून खडकाच्या चकत्या घासल्या. झीज ताणशक्तीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात निघाली. म्हणजे शक्ती निम्मी तर झीज चौपट. आपल्या बेसाल्टला हे फार लागू पडतं, कारण त्यात घट्ट काळा पाषाण आणि भोकाभोकांचा कुहरी थर असे आलटून पालटून येतात. दुसरी गोष्ट: गोटे नसतील तर झीज नाही, पण गोटे फार झाले तर ते तळ झाकून टाकतात. साधं सूत्र:

झीज = ग × गाळ × (१ − गाळ ÷ वाहून नेण्याची क्षमता)

ग हा स्थिरांक, गाळ म्हणजे वाहून येणारे वाळू-गोटे. क्षमतेच्या निम्मा गाळ असताना झीज सर्वांत जास्त. वाळूने गच्च भरलेला रांजण झिजत नाही, झाकला जातो. मात्र हे सूत्र सपाट तळासाठी आहे. भोवऱ्यातल्या पाण्याला जसंच्या तसं लावू नका, मी लावलं आणि पान फाडलं.

हॅमर वापरताना तडे आणि कड्यांपासून दूर, घासून साफ केलेल्या जागी, पृष्ठभागाला काटकोनात धरा. प्रत्येक थरावर २०-३० वेळा मारा आणि मध्यक घ्या. कुहरी थरात भोकावर बसला की आकडा धाडकन पडतो. तो काढून टाकू नका, पण शेजारी नोंद करा.

आणि जिवाची काळजी. पावसाळ्यात पात्रात उतरायचंच नाही. उन्हाळ्यातही धरणातून आवर्तन सुटलेलं असू शकतं, गावात विचारून मगच खाली जा. एकट्याने रांजणात उतरू नका, भिंती गुळगुळीत असतात आणि बाहेर यायला पकड मिळत नाही.

८. मॉडेल जुळलं म्हणून हुरळू नका

क बदलत बदलत मी छेद असा जुळवला की दोन रेषा एकावर एक. मॅडमनी माझ्यासमोर उचल दुप्पट केली, क दुप्पट केला आणि पुन्हा चालवलं. छेद तसाच, केसभरही हलला नाही. कारण स्थिर छेदात दिसतं ते फक्त उचल आणि क यांचं गुणोत्तर. वर्षाला किती मिलिमीटर झीज होते हे नुसत्या छेदावरून कधीच निघत नाही. त्यासाठी बाहेरून एक तरी कालनिश्चित आकडा लागतो.

जगभर हा आकडा वाळूतल्या क्वार्ट्झमधल्या बेरिलियम-१० (वैश्विक किरणांनी खनिजात तयार होणारा अणू) वरून काढतात. आपली पंचाईत अशी की बेसाल्टच्या मूळ खनिजांत क्वार्ट्झ नाही. ऑलिव्हिन-पायरॉक्सिनमधला हीलियम-३ किंवा क्लोरीन-३६ असे पर्याय आहेत, पण ते एम.एस्सी.च्या खर्चात बसत नाहीत. म्हणून अहवालात आपण म्हणू शकतो ते एवढंच: या थरापेक्षा त्या थरात क इतक्या पट, हा निकपॉइंट खरा, तो धरणाचा. आजच्या विसर्गाचे आकडेही क काढायला वापरू नका, धरणांनी पुराचा सगळा हिशेब बदलून टाकलाय.

अहवाल बांधायला टाकण्यापूर्वी पहिल्याच पानावर एक चौकट करा: डीईएम कोणता आणि कधीचा, प्रक्षेपण, म, न, क आणि त्याचं एकक, पाऊल, बिंदूंमधलं अंतर, कुठला भाग गाळला. माझ्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नव्वद पानांतलं ते एकच पान उघडलं आणि क च्या एककावर बोट ठेवून म्हणाले, “हे कसं आलं, फळ्यावर दाखवा.” वीस मिनिटं त्यावरच गेली.